काचेवरचे ठिपके, दगडावरच्या चकल्या आणि भेगेतले ‘फूल’

लातूरहून आपण विचारले आहे की, पाच आठवड्यांपूर्वी मांडलेल्या ८० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत रात्री काचेवर पांढरे ठिपके धावताना दिसतात, दगडावर खसखशीएवढ्या पांढऱ्या चकल्या चिकटल्या आहेत आणि एका भेगेतून तपकिरी, पारदर्शक फुलासारखे काहीतरी डोकावते. तेव्हा सगळे पाणी फेकून दगड उकळून घ्यावेत का? कृपया तसे करू नका. आपण वर्णन केलेल्या तिघांपैकी दोघे निरुपद्रवी आहेत आणि तिसऱ्याचा बंदोबस्त टाकी न मोडता करता येतो.

दगड उकळण्याचा विचार तर कायमचा सोडून द्यावा. समुद्रातून आलेल्या दगडावर झोअँथिड नावाचे, गुंड्यांसारख्या झुपक्यांनी वाढणारे जीव असू शकतात. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. असे दगड घरात उकळल्यामुळे वाफेवाटे विषबाधा होऊन संपूर्ण कुटुंबाला रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत.

मी परभणीत नऊ वर्षांपासून अशी टाकी सांभाळतो आहे. ओळख पटवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन म्हणजे घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग. दिवे मालवून तासभर झाल्यावर, लाटा करणारा पंप थांबवून, टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधून पाहावे. लाल उजेडाने हे जीव फारसे बुजत नाहीत. औषधाच्या ड्रॉपरने एखादा जीव ओढून पांढऱ्या बशीत टाकीच्याच पाण्यात ठेवावा. गोडे पाणी लागताच तो मरेल आणि त्याची चाल पाहायला मिळणार नाही. माझ्या मते रंगापेक्षा चालच अधिक खरे सांगते.

आपले धावणारे ठिपके थोडे सरकून, थबकून, पुन्हा झटका देऊन पुढे जात असतील आणि आकार एक मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ते कोपेपॉड, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे सूक्ष्म कवचधारी प्राणी. भिंगातून एकच डोळा आणि मादीच्या शेपटीजवळ अंड्यांची पिशवी दिसू शकते. घरातील वडीलधाऱ्यांना नारूची, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगाची, आठवण होऊन भीती वाटली, तर त्यांना दोष देता येणार नाही, कारण बारवेच्या पाण्यातून नारू पसरवणारा सायक्लॉप्स हा याच कुळातला आहे. मात्र तो गोड्या पाण्यातला जीव होता, रोग त्याच्या पोटातील नारूच्या अळ्यांमुळे होत असे आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला आहे. आपल्या टाकीतील कोपेपॉड शेवाळाचा थर आणि उरलेले अन्न खातात व स्वतः माशांचे खाद्य होतात. मँडरिन मासा तर मुख्यतः अशाच बारीक जीवांवर जगतो. नव्या टाकीत मासे कमी असल्यामुळे त्यांची संख्या एकदम वाढते आणि पुढे ती आपोआप ओसरते.

चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड नावाच्या कृमींची चुनखडीची घरे. ती जागेवरून हलत नाहीत. आतला कृमी इवलासा तुरा बाहेर काढून पाण्यातील कण गाळून खातो. त्या तशाच राहू द्याव्यात.

आता भेगेतले फूल. उंच देठ, टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या लांब बारीक शुंडा आणि काडी लावताच भेगेत झटकन आत शिरणे, अशी लक्षणे असतील तर ते आयप्टेशिया, म्हणजे काच-अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) आहे. ते शेजारच्या प्रवाळांना डंख मारते आणि वेगाने वाढते. माझ्या टाकीत ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ते ब्लेडने खरवडून काढले होते. बुडाचा बारीकसा तुकडा दगडावर राहिला तरी त्यापासून नवे अ‍ॅनिमोन उगवते, हे मला माहीत नव्हते. महिन्याभरात एकाची अकरा झाली आणि त्यांच्या शेजारचा एक मऊ प्रवाळ मी गमावला. त्याची हळहळ मला अजूनही वाटते, म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की ते कापू नका आणि चिरडू नका.

त्यावर चुन्याचा लेप चालतो. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. रसायनविक्रेत्याकडून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणावे, हातमोजे व चष्मा घालून आरओच्या थोड्या पाण्यात दाट कालवावे आणि पंप बंद ठेवून सिरिंजने हळूहळू थेट त्याच्या तोंडावर सोडावे. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला लेप ओढून घेऊन पंप सुरू करावा. चुन्याने पाण्याचा पीएच वाढतो आणि ८० लिटरमध्ये तो चटकन वाढेल, म्हणून एका दिवशी एक-दोनच अ‍ॅनिमोन घ्यावेत. पेपरमिंट कोळंबीही त्यांना खाते, पण तिच्या नावाखाली विकली जाणारी, पाठीवर कुबड असलेली उंट-कोळंबी प्रवाळांनाच कुरतडते. घेताना पाठ नीट पाहावी. उपचारानंतर निदान महिनाभर दर दोन-तीन रात्रींनी तीच भेग आणि तिच्या आजूबाजूचा वीतभर दगड भिंगातून तपासावा, कारण नवी पिले आधी तांदळाच्या कणीएवढीच असतात आणि त्याच वेळी ती काबूत येतात.