पानात साखर साठली की प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंद का होतात? यात हरितलवकाची भूमिका काय?

साखर झाडासाठी अन्न आहे तसाच संदेशही. ग्लुकोज वाढले की हेक्सोकायनेज-१ हे विकर ते ओळखते आणि प्रकाशसंश्लेषणाची जनुके दाबली जातात. गंमत म्हणजे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात या विकराची रासायनिक क्रिया बंद पाडली तरी संदेश जातोच! म्हणजे साखर 'जाळणे' आणि साखर 'ओळखणे' ही दोन वेगळी कामे आहेत. याशिवाय उपासमारीत एसएनआरके-१ आणि सुबत्तेत टीओआर ही प्रथिने सूत्रे हाती घेतात.

हरितलवकाची बहुतेक प्रथिने पेशीकेंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, त्यामुळे आपली स्थिती केंद्रकाला कळवणे त्याला भागच असते. नॉरफ्लुराझोन या तणनाशकाने हरितलवक बिघडवले, की प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनांची केंद्रकातली जनुके थंडावतात. 1993 मध्ये वर्णन झालेल्या 'गन' उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) रोपांत मात्र ती चालूच राहतात, जणू निरोप पोहोचलाच नाही. या रोपांत बदललेली काही जनुके हरितद्रव्य आणि हीम (लोह असलेला रेणू) बनवण्याच्या मार्गातली निघाली, म्हणून संशयाची सुई तिकडे वळली. नेमका निरोप्या कोण, यावर अजून वाद आहे.

साखरेचा आणि हरितलवकाचा असे दोन्ही संदेश बऱ्याचदा त्याच जनुकांवर येऊन मिळतात, त्यामुळे प्रयोगात त्यांना वेगळे काढणे कठीण जाते.