मंडळीचं पत्र आधी, सेमिनरीचा फॉर्म नंतर

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद. मुलगी २६ वर्षांची, कॉम्प्युटरमध्ये बी.ई., हिंजवडीत चांगल्या पगाराची नोकरी. आता म्हणते, नोकरी सोडून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविज्ञानाची पदवी) करणार आणि पाळक (चर्चची धर्मगुरू) होणार. मी पास्टोरेट कमिटीवर (स्थानिक चर्चचा, म्हणजे मंडळीचा, कारभार पाहणाऱ्या समितीवर) आहे, त्यामुळे पाळकाचं आयुष्य जवळून पाहिलंय. तिच्या मामाचं म्हणणं, करायचंच असेल तर अमेरिकेत जाऊन एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) कर, निदान डिग्रीला वजन राहील. बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते का? पदवीला मान्यता आहे का? जमलं नाही तर परतीची वाट आहे का? – एक वडील

उत्तर : सलाम. सोपे प्रश्न आधी उरकतो.

बायकांना दीक्षा मिळते. सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) स्त्रिया प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण दीक्षा मिळालेल्या पाळक, आहेत. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने तर २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं. नियमात अडचण नाही. अडचण येते ती मंडळीत, पहिल्यांदा बाईच्या हातून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायची वेळ येते तेव्हा. ती कुजबुज कोण करेल, हे तुम्हाला नावानिशी माहीत असणार.

मान्यतेचं असं आहे. बी.डी. ही पदवी बहुतेक ठिकाणी कोलकात्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सीनेटची (पदव्या देणाऱ्या मंडळाची) असते. विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून तो अधिकार पक्का केला. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज, जबलपूरचं लेनर्ड ही सगळी त्याच छत्राखालची. पदवीधराला बी.डी.ला साधारण चार वर्षं लागतात. आपल्याकडच्या अनेक सेमिनरी (पाळक घडवणारी कॉलेजं) एम.डिव्ह.ही देतात. तिला बहुधा एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते, आणि ती चर्च आणि सेमिनरींच्या वर्तुळात चालते. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत तिचा उपयोग होईल असं धरू नका. तुमच्या मुलीला सी.एन.आय.मध्येच दीक्षा हवी असेल, तर सेरामपूरची बी.डी. हा मळलेला रस्ता. तरीही आपला धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग) काय स्वीकारतो, हे बिशप कार्यालयातून लेखी घ्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही तिघंही, म्हणजे तुम्ही, मुलगी आणि मामा, कॉलेजपासून सुरुवात करताय. या क्षेत्रात ती उलटी सुरुवात आहे. इंजिनिअरिंगची पदवी घेतली की कोणीही नोकरी देऊ शकतं. बी.डी. घेतली म्हणून कोणी पाळक होत नाही. दीक्षा चर्च देतं, आणि ज्याला आपण पाठवलं त्यालाच ते सहसा देतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी स्थानिक मंडळीची शिफारस, मग धर्मप्रांताची मुलाखत, मग बिशपांचं स्पॉन्सरशिपचं पत्र (धर्मप्रांत तिला पाठवतोय असं), आणि मग सेमिनरीचा फॉर्म. शिकून आल्यावरही आधी डीकन (दीक्षेची पहिली पायरी), नंतर प्रेसबिटर. स्वतःच्या पैशाने, कोणाला न विचारता बी.डी. करून आलेली हुशार मुलं धर्मप्रांताच्या दारात वर्षानुवर्षं ताटकळलेली मी पाहिली आहेत. पदवी अस्सल, मार्क चांगले, पण त्यांना कोणी पाठवलंच नव्हतं. स्पॉन्सरशिप घेतली की परत येऊन त्याच धर्मप्रांतात सेवा करणं आलं. हे तिला आजच माहीत असू द्या.

अभ्यासाबद्दल पत्रात एक ओळही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. लोकांची समजूत असते की सेमिनरीत चार वर्षं प्रार्थना चालते. तिथे जुना आणि नवा करार, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, समुपदेशन, हिंदू आणि इस्लाम धर्मांचा अभ्यास, दलित आणि स्त्रीवादी ईश्वरविज्ञान असं सगळं असतं. शिवाय ग्रीक किंवा हिब्रू. दहावीला संस्कृत घेतलं असेल तर ग्रीक विभक्ती पाहून तिला ओळखीचं वाटेल : लोगॉस, लोगू, लोगो, लोगॉन, एकाच शब्दाची रूपं फिरत राहतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे, आणि स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. उपदेशाच्या तासाला वर्गासमोर उभं राहून संदेश द्यायचा आणि मग सगळ्यांनी तो उसवायचा : हा मुद्दा उताऱ्यात आहे की तुझ्या मनात? प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला सरावलेल्या मुलीला हे झेपेल. शनिवार-रविवार एखाद्या मंडळीत, नाहीतर इस्पितळात प्रत्यक्ष काम.

एक खोट मात्र सांगतो. हे सगळं शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. परत येऊन ‘जस्टिफिकेशन’वर (देवापुढे नीतिमान ठरण्यावर) तासभर बोलणारा तरुण पाळक आणि पुढच्या बाकावर पेंगणारी राहुरीची आजी, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. ज्या गावात नारायण वामन टिळक राहिले, ज्यांची पदं आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात, तिथल्या मुलीने असं परतू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या माणसाला समजावं म्हणून. मुलीला सांगा, दर महिन्याला एक संदेश मराठीत लिहून काढ आणि आजीला वाचून दाखव.

मामांच्या अमेरिकेबद्दल. तिथली एम.डिव्ह. पूर्णवेळ केली तर साधारण तीन वर्षांची आणि मुख्यतः तिथल्या चर्चसाठी पाळक घडवणारी. इस्पितळात चॅप्लन (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा पाळक) व्हायचं असेल तर क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन हे प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण करावं लागतं, एका युनिटचे किमान ४०० तास. पद्धत उत्तम आहे. पण तिला अहिल्यानगर नाहीतर नेवाशात सेवा करायची असेल, तर तीन वर्षं तिकडच्या मंडळ्यांत घडून येण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बी.डी.नंतर एम.टीएच. (ईश्वरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी) आणि पुढे सेमिनरीत शिकवायचं ठरलं, तर डॉक्टरेटला खुशाल परदेशी जावं. वजन लागतं ते तेव्हा.

पगाराची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. हिंजवडीच्या आकड्याशी तुलनाच करू नका. राहायला पार्सनेज (चर्चने पाळकाला दिलेलं घर) मिळतं, बदली होते, कधी पगार रखडतो, आणि मयतीचा निरोप रात्री दोनलाही येतो. तुमच्या काळजीचा अर्धा भाग इथे आहे, आणि तो रास्त आहे. पण पाळकाचा पगार वेळेवर होतो की नाही, पार्सनेजचं गळकं छत कधी दुरुस्त होतं, हे विषय कमिटीपुढे येतात ना? मग तिथे तुमचं मत आहे. मुलीसाठी नाही, आत्ता आहेत त्या पाळकसाहेबांसाठी वापरा.

परतीची वाट आहे, पण अरुंद. चार वर्षांच्या खंडानंतर आयटीत त्याच पायरीवर कोणी घेणार नाही. शाळा, स्वयंसेवी संस्था, समुपदेशन, भाषांतर अशी कामं मिळतात. म्हणून राजीनामा आज नको. सेरामपूरच्या सीनेटचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज हा बाहेरून करायचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतो, त्यात वाचनाचा दम कळेल. पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून तिथे आलेली. एक दिवस रजा टाकून जावं, वर्गात बसता येईल का विचारावं, तिथल्या मुलींशी मेसमध्ये जेवावं. आणि वर्षभर एखाद्या पाळकांबरोबर फिरावं : घरभेटी, इस्पितळ, अंत्यविधी, भाऊबंदकीत अडकलेली लग्नं. नुसतं रविवारचं व्यासपीठ आवडत असेल, तर ते या वर्षात उघडं पडेल. सेवा आवडत असेल तर तेही दिसेल.

गृहकर्ज किंवा दुसरा हप्ता चालू असेल तर तो आधी मिटवा. स्पॉन्सरशिपमध्ये घरचे हप्ते बसत नाहीत.

शिफारशीचा अर्ज कमिटीपुढे येईल त्या दिवशी तुम्ही मीटिंगला बसू नका. सेक्रेटरींना तसं आधीच कळवा. तिला एकटीला बोलू द्या, आणि कोण बाजूने होतं, कोण विरोधात, हे घरी आल्यावर तिला विचारू नका.