उष्णता ‘असते’ की ‘जाते’?

प्रश्न असा आहे: ‘गरम पाण्यात उष्णता असते’ असं आपण सहज म्हणतो, मग उष्मागतिकीत, म्हणजे उष्णता, कार्य आणि ऊर्जा यांच्या शास्त्रात, ते चूक का? आणि ‘कार्य’ या शब्दाबाबत असा घोळ का होत नाही?

मला वाटतं, घोळ ‘-ता’ या प्रत्ययाने केला आहे. सुंदरता, मृदुता, तशी उष्णता. म्हणजे वस्तूच्या ठायी असलेला गुण. ‘कार्य’ आलं ‘कृ’ धातूपासून, त्यात करणं आहे. म्हणून ‘या पाण्यात किती कार्य आहे?’ हे कानाला लगेच खटकतं, ‘किती उष्णता आहे?’ खटकत नाही. शास्त्राच्या लेखी दोन्ही प्रश्न सारखेच निरर्थक. दोन्ही शब्द ऊर्जेच्या जाण्यायेण्याचे आहेत. तापमानातल्या फरकामुळे ऊर्जा गेली तर ती उष्णता. ढकलण्या-दाबण्या-फिरवण्यातून गेली तर ते कार्य. आत पोचल्यावर मात्र ती नुसती अंतर्गत ऊर्जा, म्हणजे वस्तूच्या कणांपाशी असलेली ऊर्जा.

इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलचा प्रयोग यासाठी फार मोलाचा आहे. वजनं खाली सोडून त्याने पाण्यातली पाती फिरवली. 1850 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा आकडा असा: 772 पौंड वजन एक फूट खाली आलं, की त्या कार्याने एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापतं. तेच पाणी विस्तवावर तेवढंच तापवलं असतं, तर नंतर दोन्ही पाण्यांत काहीही फरक दिसला नसता. ते कोणत्या वाटेने तापलं, याची खूण पाण्यात उरतच नाही. म्हणून ‘जूलने कार्याचं उष्णतेत रूपांतर केलं’ हे नेहमीचं वाक्य मला सैल वाटतं. त्या पाण्याला उष्णता दिलीच नव्हती; कार्याने त्याची अंतर्गत ऊर्जा वाढली.

अर्थात दोष एकट्या मराठीचा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने 1789 मध्ये केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत उष्णताद्रव्य, म्हणजे ‘कॅलरिक’, ऑक्सिजनच्या पंक्तीला होतं. ‘विशिष्ट उष्माधारकता’ (एकक वस्तुमानाचा पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा) या संज्ञेतली ‘धारकता’ उष्णता वस्तूत भरून राहते या त्याच समजुतीची आठवण आहे.

लिहिताना क्रियापदाकडे लक्ष ठेवावं. उष्णता देणं, घेणं, वाहणं, बाहेर पडणं ठीक. असणं, साठणं, मुरणं शास्त्रीय लेखनात टाळावं. ‘उष्मा’ वापरला तर ‘-ता’ जातो खरा, पण ‘आज फार उष्मा आहे’ असं म्हणताना तोही हवेत असतोच.