चौथीची शिवनेरी सहल: एका दिवसात लेण्याद्री, ओझरही होईल का?

पुण्याहून चौथीची ८० मुलं, दोन एस.टी., शिवनेरी-लेण्याद्री-ओझर एका दिवसात, आणि गडावर मुलांकडून काय करून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

होणार नाही. म्हणजे गाड्या तिन्ही ठिकाणी पोचतील, पण मुलं तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरायला तयार नसतील.

पूर्वी एका शाळेत ७७ मुलांची हीच सहल होती. "एवढं लांब जातोय तर" आणि "पालकांनी पैसे भरलेत" ही सहल समितीची दोन वाक्यं. देवदर्शन आधी म्हणून ओझर पहिलं. चाकणला गाड्या अडकल्या, ओझरला रांग लागली आणि गडाची पहिली पायरी चढताना बारा वाजून गेले होते. चढताना पाणी संपलं. शिपाई दरवाजाच्या पुढे शिवाईदेवीच्या मंदिराची वाट फुटते. तिथे निम्मी रांग देवीकडे वळली, निम्मी सरळ वर गेली. अ आणि ब तुकडी तिथेच एकमेकांत मिसळली. मग लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून वाहनतळावर हजेरी घेतली, तर ७६. चाळीस मिनिटं शोधाशोध. पोरगं मित्राशेजारी दुसऱ्या गाडीत मागच्या बाकावर गाढ झोपलेलं. हजेरी तुकडीच्या पटावरून घेतली, गाडीच्या यादीवरून नाही, म्हणून हा घोळ. "लहान मुलं आहेत, व्हायचंच" असं नंतर बैठकीत म्हणाले. मुलांचा यात काडीचाही दोष नव्हता.

म्हणून चौथीला फक्त शिवनेरी करा, आणि मोजणी अशी करा. दहा मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे आठ गट. प्रत्येक मुलाला गटात १ ते १० पैकी एक क्रमांक. शिक्षकांनी डोकी मोजायची नाहीत, मुलांनीच आपापला आकडा ओरडायचा. "सात" ऐकू आला नाही की कोण नाही हे लगेच कळतं. गट फोडून दोन गाड्यांत बसवायचे नाहीत, जाताना ज्या गाडीत तीच येताना. गडाला सात दरवाजे आहेत, त्यांचा हाच उपयोग: दरवाजात वाट अरुंद होते, प्रत्येक दरवाजात मोजणी. शिवाईदेवीच्या फाट्यावर एक शिक्षक सगळे गट पुढे जाईपर्यंत उभा. आठ गटशिक्षकांशिवाय एक माणूस कायम शेवटी, त्याच्या मागे कोणीही नाही.

वेळा: सहाला निघा, सात म्हणून साडेसातला नाही. नारायणगावला साडेआठ. नाश्ता कोरडा ठेवा, इडली किंवा पोळी-चटणी. मिसळ दिलीत तर जुन्नर येईपर्यंत पिशव्या पुरणार नाहीत. स्वच्छतागृहाचा हिशेब कोणी करत नाही. चाळीस मुली, चार खोल्या, मुलीमागे दोन मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं गेली. दोनच खोल्या असतील तर चाळीस. पावणेदहाला चढायला लागा. मोठा माणूस पाऊण तासात वर जातो, ८० मुलांच्या रांगेला सव्वा तास धरा. सव्वाला उतरायला सुरुवात, जेवण सव्वादोनला पायथ्याशी. वर डबे उघडायचे नाहीत. माकडं पिशवीच ओढून नेतात, आणि मूल पिशवी सोडत नाही तेव्हा ओरखडे येतात. वर फक्त गूळ-शेंगदाणे, तेही शिक्षकांच्या बंद डब्यात, आणि प्रत्येकाकडे लिटरभर पाणी.

घसरणं चढताना होत नाही, उतरताना होतं. दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि भूक लागलेली मुलं पळतात. एक शिक्षक सर्वांत पुढे, त्याला ओलांडायचं नाही. सहलीसाठी घेतलेले कोरे बूट नकोत, वापरातले खेळाचे बूट चालतील.

जन्मस्थानाच्या इमारतीत पाळण्यापाशी एका वेळी एकच गट. बाकीचे शिवकुंजापाशी (जिजाऊ आणि बाल शिवाजींच्या पुतळ्याची वास्तू) आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी वाटून ठेवा. बदामी तळ्याच्या काठावर बसकण नाही. कडेलोटाच्या टोकाकडे एकेक गटच, मुलं बसलेली, शिक्षक कड्याच्या बाजूला उभा.

आता मुलांकडून काय करून घ्यायचं. तीनच प्रश्नांचा कागद द्या, वीस प्रश्नांचा दिलात तर मुलं गडाकडे न बघता एकमेकांच्या कागदात बघतात. दरवाजाच्या आत भिंतीत अडसराची भोकं शोधा आणि हात कोपरापर्यंत जातो का बघा, हा एक प्रश्न पुरेसा रंगतो. आणि भाषण करणार असाल तर १६३० च्या जन्माबरोबर हेही सांगा की महाराजांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आला नाही, शाहू महाराजांच्या काळात आला. चौथीच्या मुलांना हे पचतं. शिक्षकांनाच अवघड जातं.

राहिलेलं: १९ फेब्रुवारीच्या मागचापुढचा आठवडा टाळा. गडावर आग्यामोहळं असतात, त्यामुळे अत्तर-स्प्रे नाही, धूर नाही, दगड भिरकावणं नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-चेहरा झाकून तिथून लांब पळायचं. दम्याचा पंप गटशिक्षकाच्या खिशात, गाडीतल्या पेटीत नाही. एस.टी. शालेय सहलीला निम्म्या भाड्यात मिळते; वाचलेल्या पैशातून एक जीप पायथ्याशी उभी ठेवा, आजारी मुलासाठी अख्खी गाडी अडत नाही.

हे सगळं चौथीपुरतं. आठवी-नववीची मुलं असतील तर शिवनेरी आणि लेण्याद्री एका दिवसात जमतं, ओझर तरीही सोडा. आणि समितीत कोणी लेण्याद्रीसाठी हटूनच बसलं, तर कडेलोटाच्या बाजूला उभं राहून समोरच्या डोंगरातली लेणी मुलांना बोट करून दाखवा. हजेरीपत्रकावर "लेण्याद्री पाहिली" लिहायला तेवढं पुरतं.