चेक : बँकेतला, शर्टावरचा आणि बुद्धिबळातला

विचारणा अशी आहे की तपासणं या अर्थाचा चेक, बँकेचा चेक, शर्टावरचे चेक्स आणि बुद्धिबळात राजाला देतात तो चेक, हे चार वेगळे शब्द आहेत का एकाच शब्दाचे चार अर्थ?

एकच शब्द आहे, आणि तो मुळात इंग्रजी नाहीच, फारसी आहे. गंमत म्हणजे तो आपल्याकडेही आहे, वेगळ्या रूपात. बुद्धिबळात आपण राजाला 'शह' देतो ना, तो शह म्हणजे फारसी शाह, राजा. राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून समोरच्याला सावध करायचं, म्हणजे बाबा तुझा राजा सांभाळ. आपला चतुरंग इराणात गेला तिथे त्याचा शतरंज झाला, तिथून अरबांमार्फत युरोपात पोचला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये या शाहचं झालं एशेक, ते इंग्रजीत येताना सुरुवातीचा ए गळाला आणि राहिलं चेक. अख्ख्या खेळाचं नाव चेस, तेही याच एशेकच्या अनेकवचनातून आलंय. अजून मागे गेलात तर शाह आणि संस्कृतातलं क्षत्र हे एकाच कुळातले, म्हणजे चेक, शह, क्षत्रिय सगळी भाऊबंदकीच. चेकमेट म्हणजे शाह मात. त्याचा अर्थ 'राजा मेला' असा बऱ्याच ठिकाणी सांगतात, अरबीत मात म्हणजे मेला असं होतंही, पण फारसी मातचा अर्थ हतबल, निरुपाय झालेला असा आहे आणि मला तोच पटतो कारण बुद्धिबळात राजा मरत नाहीच, त्याला हलायला जागा उरत नाही. आपण कुणावर 'मात करतो' ती हीच मात.

आता शह बसला की काय होतं? बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो, चाल अडते. म्हणून चेकचा पटाबाहेरचा पहिला अर्थ झाला अडवणं, रोखणं, लगाम घालणं. हा अर्थ जुना झाला असं वाटेल पण चेक डॅम घ्या, ओढ्यावरचा छोटा बंधारा. त्यात तपासायचं काहीच नसतं, धावतं पाणी तो अडवतो, वेग मोडतो, म्हणून चेक डॅम. राज्यघटनेच्या चर्चेत चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात तिथेही तोच अर्थ, एकाच सत्तेला मोकाट सुटू द्यायचं नाही.

तपासणं हा अर्थ त्यानंतरचा. चूक किंवा लबाडी रोखायची तर हिशेब ताडून बघावा लागतो, असं करत करत रोखणं सरकत सरकत ताडून बघण्यावर आलं. कंट्रोल या शब्दाचा प्रवास बरोब्बर उलटा झालाय, मूळ अर्थ दुसऱ्या वहीशी नोंदी ताडून बघणं आणि नंतर झाला ताबा ठेवणं. हे दोन शब्द शेजारी ठेवून बघाच, अर्थ कसे सरकतात ते लगेच कळतं.

बँकेचा चेक याच फांदीवरचा. १८व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चेक म्हणजे पैशाच्या कागदाची स्थळप्रत, म्हणजे खोटा कागद आला तर ताडून बघायला ठेवलेला तुकडा. पुढे ते नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदावरच गेलं. अमेरिकेत स्पेलिंग साधंच राहिलं, ब्रिटनमध्ये मात्र क्यू घालून लिहायला लागले कारण डोळ्यासमोर एक्सचेकर हा शब्द होता. आणि एक्सचेकर म्हणजे परत बुद्धिबळाचा पटच! १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसुलीचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा ते साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, त्यावर रेघा मारलेलं काळं कापड अंथरायचे आणि पौंड, शिलिंग, पेन्स यांच्या रकान्यांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी करायचे. लॅटिनमध्ये पटाला स्काकारिअम म्हणत, तेच नाव टेबलाला आणि टेबलावरून अख्ख्या खात्याला पडलं. त्याच काळातल्या एका खजिनदारानं या कामाची माहिती लिहून ठेवलीय, त्यात तो म्हणतो की पटावर दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. शेरीफ म्हणजे वसुली करून आणणारा. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात.

बँकेचा चेक फारसी 'चक' किंवा अरबी 'सक्क'वरून आला असंही ऐकायला मिळतं. दोन्हींचा अर्थ लेखी दस्त, त्यामुळे मोह होतो खरा, पण स्थळप्रत ते कागद हा टप्पा इंग्रजीत एवढा स्पष्ट दिसतो की बाहेरून दुसरा शब्द आणायची गरजच पडत नाही.

शर्टाचे चेक्स सगळ्यात सोपे, पटासारखे चौकडे म्हणून चेक. आणि चेक प्रजासत्ताकातला चेक मात्र या घरातला नाही, ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे, फक्त आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात.