आई-बाबांना घेऊन ब्रायटनला जायचंय, एक दिवस पुरेल का?

तुम्ही विचारलंय की एप्रिलच्या शेवटी आई-बाबा लंडनला येतायत, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात, तर ब्रायटन सकाळी जाऊन रात्री परत असं करावं का तिथे राहावं, आणि बीच सोडून बघण्यासारखं आहे काय. मी अकरा वर्षं ससेक्समध्ये राहतोय, ब्रायटनपासून ट्रेनने अर्ध्या तासावर, घरी कोणीही पाहुणे आले की त्यांना तिकडे फिरवणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एक रात्र राहा. लंडन व्हिक्टोरियावरून ट्रेन तासाभरात पोचवते, म्हणून सगळे एका दिवसाचाच बेत करतात आणि मग होतं असं की स्टेशनवरून सरळ रस्ता उतरून समुद्रावर, तिथून पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला लांब धक्का, पिअरवर फोटो, चिप्स खायच्या, वारा झोंबायला लागला की परत स्टेशन. आई-बाबा तुमच्याकडे बघून छान छान म्हणतील पण मनात येणारच की यापेक्षा आपलं गुहागर काय वाईट होतं. आणि बीच म्हणून बघितलं तर ते खरंही आहे, कारण ब्रायटनला वाळूच नाहीये, सगळे गोल गोटे, पाय टाकला की सरकतात, दुखऱ्या गुडघ्यांना ते अजिबात झेपत नाही. आईंना वरच्या प्रोमेनाडवरूनच चालवा, तो सपाट आहे, बाकंही भरपूर.

आता मराठी माणसाला ब्रायटन म्हटलं की सगळ्यात आधी काय आठवतं ते तुम्हालाही माहीत असणार. 1909 साली सावरकरांनी 'सागरा प्राण तळमळला' लिहिली ती याच किनाऱ्यावर. माझे वडील 2018 ला आले तेव्हा त्यांना लंडनचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना फक्त हा समुद्र बघायचा होता. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस, गोट्यांवर माझा हात धरून पाण्यापर्यंत गेले आणि अख्खी कविता म्हणाले, हळू आवाजात, आजूबाजूला पोरं आइस्क्रीम खात होती. मला वाटलं झालं, जे करायला आणलं ते झालं. दुसऱ्या दिवशी हातात वेळ होता म्हणून त्यांना छत्रीला नेलं, आणि ते आधी करायला हवं होतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. म्हणून तुम्हाला सांगतोय, आधी छत्री मग समुद्र, हा क्रम चुकवू नका.

छत्री म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेले आपले जखमी सैनिक ब्रायटनला आणायचे, आणि डिसेंबर 1914 पासून रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे शहराच्या मधोमध असलेला घुमटांचा राजवाडा, त्यांचं हॉस्पिटल होता. जे हिंदू आणि शीख सैनिक इथे वारले त्यांना गावाबाहेर, पॅचमच्या वरच्या डोंगरावर नेऊन रीतसर चितेवर अग्नी दिला. एकूण 53 जण. मुसलमान सैनिकांना वोकिंगला मशिदीजवळ दफन केलं. चिता जळल्या त्याच जागेवर 1921 मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली, आठ खांब आणि वर घुमट, आणि तिचा आराखडा केला मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस नावाच्या तरुण आर्किटेक्टने. खाली दगडावर इंग्रजीबरोबर हिंदी, पंजाबी, उर्दूतही लिहिलंय. 2010 मध्ये शेजारी एक भिंत उभी राहिली, तिच्यावर त्या 53 जणांची नावं आहेत. माझ्या बाबांनी ती सगळी नावं मोठ्याने वाचली, एकेक करून, मध्ये कुठे घाई नाही. त्या दिवशी तिथे आम्ही दोघं आणि लांबवर मेंढ्या, बाकी कोणी नव्हतं.

त्यांनी मला विचारलं की अस्थींचं काय केलं असेल. मी आधी वाचलेलं होतं, म्हणून सांगितलं की समुद्रात सोडल्या, समोर दिसतोय त्याच. छत्री शहराच्या वर साधारण 500 फुटांवर आहे, तिथून खाली ब्रायटन आणि पलीकडे समुद्राची पट्टी दिसते. ते बराच वेळ तिकडे बघत उभे होते, मग म्हणाले चल, परत खाली जाऊ पाण्यापाशी. ट्रेनची वेळ झाली होती तरी गेलो. आदल्या दिवशी जिथे कविता म्हटली तिथेच उभे राहिले, या वेळी काही बोलले नाहीत, वाकून पाण्याला हात लावला आणि नमस्कार केला.

माझ्या बाबांनी तिथे आणखी एक विचारलं होतं की यात मराठे का दिसत नाहीत. तर फ्रान्समध्ये गेलेल्या फौजेत गढवाली, शीख, डोगरा, गुरखा, पठाण असे उत्तरेकडचेच बहुतेक होते, आपल्या मराठा पलटणी गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या 6व्या डिव्हिजनबरोबर, आणि 1916 ला कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडून कैद झाल्या. 1915 च्या शेवटी फ्रान्समधलं भारतीय पायदळही तिकडेच हलवलं, म्हणून ब्रायटनचं हे हॉस्पिटल 1916 च्या सुरुवातीला बंद झालं.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र इथे येतो. छत्रीपर्यंत गाडी जात नाही, पॅचमच्या बाजूने हायवे ओलांडला की पुढे शेतातून पाऊलवाट, चढ सौम्य आहे पण सलग आहे, आणि पाऊस झाला असेल तर चिखल असतोच. आई जर घरी एका दमात अर्धा तास चालत असतील तर थांबत थांबत जमेल, नाहीतर त्यांना हट्टाने नेऊ नका, बाबांना घेऊन तुम्ही जा आणि आईंना पॅव्हिलियनमध्ये बसवा. चांगले ग्रिप असलेले बूट मात्र दोघांनाही हवेत, चपला-सँडलवर अजिबात नाही.

पॅव्हिलियन आईंना नक्की आवडेल. चौथ्या जॉर्जने राजा व्हायच्या आधी हौसेने सुरू केला, 1815 ते 1822 मध्ये जॉन नॅशने त्याला आत्ताचं रूप दिलं, बाहेरून मोगल थाटाचे घुमट आणि मिनार, आत सगळं चिनी पद्धतीचं, ड्रॅगन, कमळं, झुंबरं. व्हिक्टोरिया राणीला तिथे करमेना, तिने 1850 मध्ये तो गावालाच विकून टाकला. पण आत हॉस्पिटलचे फोटो आहेत ते शोधून बघा, शेजारच्या डोम हॉलच्या घुमटाखाली ओळीने खाटा आणि त्यावर आपली माणसं. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते, जाती-धर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं होती. तिथे हजारो सैनिकांवर उपचार झाले. बरे झाले की त्यातल्या बऱ्याच जणांना परत लढाईवर पाठवायचे, हे मला वाचून फार लागलं होतं. बाहेर पडताना दक्षिणेकडच्या दरवाजाने पडा, तो भारताने दिलेला आहे, 1921 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडला.

अजून एक जागा, स्टेशनपासून जवळच सेंट निकोलस चर्चचं आवार, तिथे शेख दीन मोहम्मद यांची कबर आहे. पाटण्याचा माणूस, 1759 चा जन्म, ब्रायटनला येऊन चंपी आणि वाफेच्या स्नानाचं दुकान काढलं, ते इतकं चाललं की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत चंपीवाला झाला, आणि शाम्पू हा शब्द आपल्या चंपी-चांपण्यावरूनच आलाय. पाच मिनिटांचं काम आहे पण चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी पांढरे कडे. सेव्हन सिस्टर्स म्हणतात त्यांना, ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या बस आहेत, त्यातली 13X थेट बर्लिंग गॅपला जाते, पण ती वर्षभर रोज नसते म्हणून वेळापत्रक बघूनच निघा. आईंसाठी बर्लिंग गॅपच बरं, बसमधून उतरलं की लगेच कडे दिसतात, कॅफे आहे, टॉयलेट आहे. हे कडे खडूचे आहेत, समुद्र खालून पोखरत राहतो, वरचा भाग कोसळत राहतो आणि म्हणूनच ते इतके पांढरे राहतात, गवत-शेवाळ धरायला वेळच मिळत नाही. याचा दुसरा अर्थ असा की कडेला कधीही जाऊ नका, काठाखालून माती गेलेली असते आणि वर उभं राहून ते कळत नाही, आणि कड्याच्या पायथ्याशीही बसू नका. फोटोसाठी अगदी टोकावर पाय सोडून बसलेले लोक दिसतील, बाबांना त्यांच्यापासून लांब ठेवा.

ईस्टबोर्नपर्यंत जायचा कंटाळा असेल तर ब्रायटनच्या मरीनापासून, म्हणजे बोटींच्या बंदरापासून, सॉल्टडीनपर्यंत कड्याखालून सपाट काँक्रीटचा रस्ता आहे, मध्ये रॉटिंगडीन गाव लागतं, 'जंगल बुक'वाला किपलिंग तिथे काही वर्षं राहायचा, तोच तो मुंबईत जेजेच्या आवारात जन्मलेला. आणि पिअरजवळून व्होल्क्स रेल्वे नावाची छोटी इलेक्ट्रिक गाडी सुटते, 1883 पासूनची, जगात अजून चालू असलेल्या इलेक्ट्रिक रेल्वेंमध्ये सगळ्यात जुनी, थंडीत बंद असते पण तुम्ही याल तेव्हा बहुतेक सुरू झालेली असेल, आईंना तिने फिरवा.

खाण्याचं टेन्शन नको, शाकाहारी लोकांसाठी ब्रायटन लंडनइतकंच सोपं आहे, फक्त उघड्यावर चिप्स खाताना पाठ भिंतीला ठेवा, सीगल हातातून उचलून नेतात आणि म्हाताऱ्या माणसाला एकदम दचकायला होतं. रविवारचा प्रवास टाळता आला तर टाळा, रुळांची कामं निघतात आणि अर्ध्या वाटेत उतरवून बसमध्ये बसवतात. तिघं एकत्र असाल तर तिकीट काढताना ग्रुपची सवलत विचारा, गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश कमी होतं.

म्हणजे पहिल्या दिवशी लवकर येऊन सकाळी छत्री, दुपारी पॅव्हिलियन, आणि संध्याकाळी बाबांना पाण्यापाशी न्या, एप्रिलअखेर आठपर्यंत उजेड असतो. दुसरा दिवस पूर्ण आईंच्या सोयीने ठेवा. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की कमेंटमध्ये टाका, पॅचमला कुठे उतरायचं आणि पाऊलवाट कुठून पकडायची ते नीट सांगतो, पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिथेच चुकलो होतो.