तीन हजार शब्दांची यादी पाठ करू का?

प्रश्न : बाई, मला अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी एसएटी द्यायची आहे. हाताशी चार महिने आहेत. पुढच्या वर्गातल्या मुलांकडून ३००० इंग्रजी शब्दांची यादी मिळाली. रोज ५० शब्द मराठी अर्थासकट वहीत उतरवून पाठ करते. आठ दिवसांनी पानं झाकून बघितलं, तर निम्मे अर्थ गेलेले असतात. जे आठवतात, तेही सरावाच्या पेपरात चुकतात. माझी स्मरणशक्ती कमी पडते आहे का?
– बारावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : स्मरणशक्तीला दोष देऊ नकोस. आधी त्या यादीचं वय विचार. एसएटी १९२६ साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यात सुट्या शब्दांना मोठा मान होता. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले, शब्दांच्या जोड्यांमधलं सारखं नातं ओळखण्याचे २००५ मध्ये, आणि सुट्या वाक्यातली रिकामी जागा भरण्याचे २०१६ मध्ये. अशा याद्या त्या जुन्या प्रश्नांसाठी तयार झाल्या आणि हातोहात फिरत राहिल्या. परीक्षा संगणकावर आली (अमेरिकेबाहेर २०२३ पासून, अमेरिकेत २०२४ पासून), तेव्हा रिकामी जागा परत आली, पण एका छोट्या उताऱ्याच्या पोटात. उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. उताऱ्याला नेमका कोणता शब्द हवा आहे, हे तुला ओळखायचं असतं. ‘शब्द = अर्थ’ अशी जोडी तिथे फार लांब नेत नाही.

हे मी पोळलेली आहे म्हणून सांगते. माझ्या प्रवेश परीक्षेत एका समीक्षिकेबद्दल उतारा होता. तिने एका कादंबरीचं कौतुक केलं, पण ते ‘क्वालिफाय’ केलं, असं वाक्य होतं. माझ्या वहीत ‘क्वालिफाय – पात्र ठरणे’ एवढंच होतं. कादंबरी कौतुकाला पात्र ठरली असा अर्थ मी लावला आणि त्या उताऱ्याखालचे तिन्ही प्रश्न चुकवले. तिथे त्या शब्दाचा अर्थ होता मर्यादा घालणं, ‘पण’ जोडणं. मराठीत आपण म्हणतो ना, हातचं राखून केलेलं कौतुक, तसं. शब्द मला येत नव्हता तर निदान सावध राहिले असते. अर्धवट येत होता, म्हणून फसले.

तेव्हा अवघड दिसणाऱ्या शब्दांच्या आधी ओळखीचे शब्द तपास. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि निर्बंधसुद्धा. ‘टेंपर’ म्हणजे राग, पण क्रियापद झालं की सौम्य करणं. ‘अरेस्ट’ म्हणजे अटक, तशीच एखादी वाढ थांबवणं. ‘ग्रॅव्हिटी’ म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि प्रसंगाचं गांभीर्यही. अशा दीडशे-दोनशे शब्दांचे दुसरे अर्थ पक्के झाले, तर त्या यादीतल्या हजार दुर्मीळ शब्दांपेक्षा ते जास्त कामाला येतील असं माझं ठाम मत आहे.

रिकामी जागा दिसली की पर्याय हाताने झाक. समज, उतारा सांगतो : समितीतल्या सगळ्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, मात्र तिघांनी आपल्या शंका नोंदवून घ्यायला लावल्या, म्हणजे पाठिंबा मिळाला तो ____ होता. आधी तुझा मराठी शब्द घाल. ‘हातचं राखून दिलेला’, ‘सशर्त’, काहीही चालेल. मग पर्याय उघड. ‘क्वालिफाइड’ तिथे आपोआप बसेल, आणि कानाला भारदस्त वाटणारा ‘एक्झ्युबरंट’ तुला भुलवणार नाही.

शब्दाला चव असते, तीही टिपून ठेव. काटकसरी माणूस आणि कंजूष माणूस यांतला फरक तुला कुणी शिकवावा लागला नाही. इंग्रजीतही ‘फ्रुगल’ म्हटलं की सहसा कौतुक असतं आणि ‘मायझर्ली’ म्हटलं की निंदा. ‘पार्सिमोनियस’ निंदेच्या बाजूला झुकतो. तिघांपुढे ‘काटकसरी’ एवढंच लिहिलंस, तर परीक्षेला जे विचारायचं आहे तेच वहीतून गळून पडेल.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मराठी येत असल्याचा तुला मोठा फायदा आहे आणि तो तू वापरत नाहीयेस. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक एकाच भाषाकुळातल्या. इंग्रजीतले जड शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकमधून आले आणि आपले तत्सम शब्द संस्कृतातून, त्यामुळे कितीतरी शब्द एकमेकांची चुलत भावंडं निघतात. ‘दंत’ आणि ‘डेंटल’, ‘अग्नी’ आणि ‘इग्नाइट’, ‘नव’ आणि ‘इनोव्हेट’. ‘मृत’ आणि ‘मॉर्टल’ घे : ‘अमृत’ म्हणजे जे मरत नाही ते, ‘इममॉर्टल’. ‘ज्ञान’मधला ज्ञा लॅटिन-ग्रीकमध्ये ‘ग्नो’ होऊन बसला, म्हणून ‘कॉग्निशन’, ‘डायग्नोसिस’, ‘ॲग्नॉस्टिक’ हे सगळे जाणण्याशी बांधलेले. आणि ‘सब्ज्युगेट’ हा माझा लाडका शब्द. त्यात ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘जुगम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आपलं ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आलं, तेच मूळ. जुवाखाली आणणं म्हणजे अंकित करणं. हे एकदा कळल्यावर तो शब्द पाठ करावा लागत नाही.

सावधगिरी मात्र हवी. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, त्याचा अर्थ घाणेरडा, दुर्गंधी. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे शांत नव्हे, उलट अस्वस्थ, आवरायला अवघड. ‘एनर्व्हेट’ ऐकून एनर्जी आठवते, पण अर्थ शक्ती काढून घेणं असा आहे. मुळावरून अंदाज बांध, पण तो शब्दकोशात ताडून बघितल्याशिवाय वहीत उतरवू नकोस.

राहिला विसरण्याचा प्रश्न. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळात विसरतात हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. संदर्भाशिवाय पाठ केलेले तुझे ५० शब्द मेंदूला त्या निरर्थक अक्षरांसारखेच वाटतात. रोज आठच शब्द घे. कार्डाच्या पुढच्या बाजूला तो शब्द गाळलेलं पूर्ण इंग्रजी वाक्य, मागे शब्द, त्याची चव आणि एखादं भावंड. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने ते कार्ड काढ. उत्तर आठवायचा प्रयत्न करून मगच उलट. नुसतं वाचून काढणं म्हणजे आठवणं नव्हे. चुकलं तर ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. नव्वद दिवसांत सातशेवीस शब्द होतील आणि शेवटचा महिना उजळणीला मोकळा राहील.

हे आठ शब्द यादीतून उचलू नकोस. रोज एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाचा किंवा साहित्याचा उतारा वाच आणि जिथे अडशील तिथले घे. म्हणजे वाक्य आयतं मिळेल.

प्रश्न : शब्दांच्या मोबाइल ॲपवर माझा मुलगा रोज तासभर असतो आणि गुणही चांगले मिळवतो. तेवढं पुरे ना?
– एक पालक

उत्तर : ॲपवर चार पर्यायांतून शब्द नुसता ओळखायचा असेल, तर मिळालेले गुण थोडे फसवे असतात. ॲप बंद करू नका, उजळणीच्या वेळा सांभाळायला ते चांगलं. पण त्यातली वीस मिनिटं काढून घ्या. त्या वेळात त्याला कालचे तीन शब्द वापरून कुठल्याही विषयावर पाच ओळी लिहू द्या, आणि तुम्ही त्या ऐका. तुम्हाला इंग्रजी फारसं येत नसलं तरी चालेल. प्रत्येक शब्दाला एवढंच विचारा : ‘हाच का घेतलास, याच्याजवळचा दुसरा का नाही?’ जिथे तो अडखळेल, तो शब्द अजून कच्चा आहे. त्याचं कार्ड करायला सांगा.